दोन दारांचं न्हाणीघर

नजीबा शूशान पहिल्यांदा आमच्या धक्क्यावर आली त्या सकाळी, कुणाला धड सलाम करायच्या आधी तिनं रईस खमाइसच्या गमबुटाचं माप घेतलं.

खमाइस म्हणजे आमच्या बंदरातल्या सगळ्यांत मोठ्या होडीचा तांडेल; तांडेलाला आमच्याकडे रईस म्हणतात. तो तेव्हा होडीच्या काठावर बसून पावाला हरीसाची तिखट चटणी लावून खात होता. एक पाय धक्क्याकडे लोंबत होता. ही बाई आली, पिशवीतून टेप काढली, वाकली आणि बुटाची लांबी, रुंदी, घोट्याचा घेर असं सगळं मोजून वहीत लिहून मोकळी झाली. रईसचा घास तोंडातच राहिला.

"मादाम, जोडे शिवून देणार आहात की काय?"

"नाही. न्हाणीघर बांधायचंय तुमच्यासाठी. हा पाय उंबरठ्याला अडकतो का ते बघत होते. अडकणार."

"मग काय, पाय लहान करू?"

"उंबरठा काढून टाकते. ते सोपं."

बाकीचे खलाशी खदखदून हसले. मी बर्फाच्या कारखान्याच्या दारात उभा होतो, मीही हसलो. मर्सा हमीदाच्या बंदरात बर्फ फोडायला लागून मला तेव्हा अकरा वर्षं झाली होती, आणि एवढ्या काळात सरकारी कचेरीतलं माणूस धक्क्याच्या त्या टोकापर्यंत चालत आलेलं मी पाहिलं नव्हतं. साहेब लोक फाटकाशी गाडीतून उतरायचे, नाकाला रुमाल लावायचे, बंदर पाहून झालं म्हणायचे आणि निघून जायचे.

नजीबा तेव्हा एकोणपन्नास वर्षांची होती. तिचा बाप होड्या बांधायचा. फळ्यांच्या फटींत ताग ठोकून वरून डांबर फिरवण्यात त्याचा हात धरणारा आमच्या किनाऱ्यावर कुणी नव्हता. ही लहानपणी त्याच्या पायाशी बसून कोळशानं फळ्यांवर रेघा मारायची. पुढे शाळेत गणित बरं निघालं म्हणून जिल्ह्याच्या गावी एका सरकारी कचेरीत नकाशे काढायला लागली. सव्वीस वर्षं तिनं दुसऱ्यांनी ठरवलेलं कागदावर उतरवलं. शाळांची कुंपणं, रस्त्यांची गटारं, चौक्यांच्या खिडक्या. बाई, ही खिडकी इथं बरी वाटते का, असं तिला कधी कुणी विचारलं नाही, आणि तिनंही आपणहून कधी सांगितलं नाही.

त्या वर्षी वरून हुकूम निघाला की लहान बंदरांवर खलाशांसाठी सोयी करायच्या. न्हाणीघर, शौचालय, पिण्याचं पाणी, बसायला सावली. राजधानीतल्या एका इंजिनियरनं चौदा बंदरांसाठी मिळून एकच नकाशा केला होता. रिदा झवारी त्याचं नाव, सगळे त्याला सी रिदा, म्हणजे रिदासाहेब, म्हणत. नजीबाचं काम एवढंच होतं की तो नकाशा आमच्या जागेवर बसवायचा आणि त्याची स्वच्छ प्रत काढायची. दोन दिवसांचं काम. ती तीन आठवडे येत राहिली.

आमच्या तारलीच्या होड्या उजाडताना परत येतात. त्यांच्या आगेमागेच नजीबा पहिल्या बसनं हजर व्हायची आणि माझ्या भिंतीच्या आडोशाला मासळीच्या पालथ्या पेटीवर बसायची. कोण कुठे उतरतो, ओला डगला कुठे टाकतो, नमाजाआधी हातपाय कुठे धुतो, पाणी प्यायला कुठे जातो, सगळं लिहायची. गोड्या पाण्याचा नळ साऱ्या बंदरात एकच होता, माझ्या कारखान्याच्या मागे, आणि तिथवर जायला मच्छीच्या घाणीतून वाट काढावी लागे. लघवीला माणसं डिझेलच्या रिकाम्या पिंपांमागे जायची. तेही तिनं लिहिलं.

लमजद नावाचा एक चाळिशीचा खलाशी होता, फार बोलघेवडा. तो म्हणाला, "मादाम, एवढं सगळं लिहिताय तर हेही लिहा, आमच्या रईसला गाता येत नाही आणि तो गातो."

"ते पहिल्याच दिवशी लिहिलंय," नजीबा मान वर न करता म्हणाली.

मग तिनं त्याला जवळ बोलावलं आणि आपल्या पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडायला सांगितलं. लमजदनं तीनदा जोर लावला. बोटं मिठानं चिरलेली, जाळं ओढून सुजलेली. झाकण जागचं हललं नाही.

"दहा मिनिटांनी उघडेल," तो ओशाळून म्हणाला. "आत्ताच जाळं ओढून आलोय ना."

"म्हणजे गोल फिरवायचा नळ नको. कोपरानं ढकलता येईल असा हवा," असं पुटपुटत तिनं पान उलटलं.

रईस खमाइसला हे सगळं पोरखेळ वाटायचं. "अठ्ठेचाळीस वर्षं दर्यावर काढली मी," तो मोठ्यानं म्हणायचा, म्हणजे तिला ऐकू जावं. "माझ्या बापानं काढली. कुणी मेलं नाही न्हाणीघरावाचून. डिझेल वेळेवर द्या म्हणावं, बाकी आमचं आम्ही बघू."

"डिझेलचा नकाशा काढता येत नाही हो रईस," ती म्हणायची. "येत असता तर काढला असता."

आणि मग तो बसचा प्रसंग झाला.

बंदराच्या फाटकातून साडेसातला आतल्या गावांकडे एक बस जाते. त्या दिवशी नजीबाला कचेरीत लवकर पोचायचं होतं म्हणून तीही रांगेत उभी होती. तिच्या पुढे लमजद, खांद्यावर बोचकं. तो पायरीवर पाय ठेवणार तोच कंडक्टरनं दारात हात आडवा धरला.

"तू नको. परवा सीटला वास राहिला दिवसभर. लोक माझ्यावर ओरडतात."

"मी बसत नाही. उभा राहतो मागे."

"उभ्याचा वास येत नाही का? पुढच्या बसला बघ."

लमजद हसला. "बरोबर आहे तुझं. मी कंडक्टर असतो तर मीही मला घेतलं नसतं." असं म्हणून त्यानं बोचकं दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि रस्त्याच्या कडेनं चालायला लागला. नजीबाचा पाय पायरीवर होता. तिनं तो खाली घेतला. बस गेली.

ती परत माझ्याकडे आली. चेहरा उतरला होता.

"जिलानी, हे रोज होतं?"

"रोज नाही. एखादा ट्रक मिळाला तर ट्रकनं जातात."

"आणि नाही मिळाला तर?"

"चालतात."

"सगळे?"

"सगळेच. त्यात काय एवढं?"

मला खरंच त्यात काही वाटत नव्हतं. बर्फाला वास नसतो, मी बसनं जायचो. नजीबा पेटीवर बसली आणि वही उघडून बसचं सगळं लिहून काढलं.

तिचा नवरा हसूनाही खलाशीच होता. दक्षिणेकडच्या दुसऱ्या एका बंदरावरून अठ्ठावीस वर्षं दिव्याच्या होडीवर, म्हणजे रात्री दिवा लावून मासळी धरणाऱ्या होडीवर, जात होता. गुडघे गेले म्हणून आता घरी असायचा, लोकांची जाळी सांधून द्यायचा. ते बंदर त्यांच्या घरापासून सहा किलोमीटर. रोज सकाळी तो ते अंतर चालत घरी यायचा, आणि मला चालायला आवडतं, म्हणायचा. रात्रभर होडी हलते, सकाळी पायाला जमीन लागली की बरं वाटतं, असं त्याचं म्हणणं. नजीबानं ते खरं मानलं होतं. आपल्या दोन्ही मुलींना ती कौतुकानं सांगायची, तुमच्या बापाचे पाय बघा, लोखंडाचे आहेत.

त्या दिवशी घरी काय झालं ते तिनं मला पुढे कधीतरी सांगितलं. हसूना अंगणात जाळं मांडीवर घेऊन बसला होता.

"हसूना, तुझ्या बंदरावरून बस यायची का रे?"

"यायची की."

"मग चालत का यायचास?"

"शंभरदा सांगितलंय. पाय मोकळे व्हायचे."

"पावसातसुद्धा?"

तो गाठ मारत राहिला. ती समोर उकिडवी बसली आणि तिनं जाळ्याचं दुसरं टोक हातात धरलं. आता तो उठून जाऊ शकत नव्हता.

"खरं सांग."

"दोनदा चढलो होतो," तो म्हणाला. "दुसऱ्या वेळी एका बाईनं आपल्या पोरीला माझ्या शेजारून उठवलं आणि पार पुढे नेऊन बसवलं. आपल्या थोरलीएवढीच होती पोरगी. मग नाही चढलो."

"एवढी वर्षं?"

"नंतर आवडायलाही लागलं होतं गं चालायला," हसूना म्हणाला. "ते काही अगदी खोटं नाही."

नजीबा आत गेली, स्वयंपाकघरातल्या टेबलावरची भांडी एका बाजूला सारली आणि कोरा कागद पसरला. त्या दिवशी त्यांच्याकडे कुसकुस फार उशिरा शिजला.

सी रिदाच्या नकाशात न्हाणीघराला एकच दार होतं, समुद्राकडे. नजीबाच्या कागदावर दोन झाली. इमारत धक्का आणि फाटक यांच्या मधोमध आडवी. समुद्राकडच्या दारातून माणूस बुटांसकट आत येणार. जमीन उताराची, कडेनं मोरी, तिथंच बूट-डगला धुऊन खुंटीला लावायचा, ठिबकणारं पाणी मोरीत जाणार. मग अंघोळ. मग कोरडी खोली, बाक, आणि घरचे कपडे ठेवायला प्रत्येकाचा कप्पा. आणि तिथून दुसऱ्या दारानं बाहेर, गावाकडे, बसथांब्यासमोर. शिरताना खलाशी, निघताना तुमच्याआमच्यासारखा माणूस.

सी रिदा महिन्यातून एकदा जिल्ह्याच्या कचेरीत यायचा. तिनं कागद त्याच्यापुढे ठेवला.

"हे करायला कुणी सांगितलं?" त्यानं विचारलं.

"कुणीच नाही."

"मादाम शूशान, चौदा बंदरांना मंजूर झालेला नकाशा आहे."

"तेरा ठिकाणी तो लावा. मला एका ठिकाणी आठ दिवस द्या. तुमचा आणि माझा, दोन्ही लाकडात उभे करते, खऱ्या मापाचे. खलाशी वापरून बघतील. तुमचा बरा निघाला तर मी त्याची प्रत काढून देईन आणि पुन्हा तोंड उघडणार नाही."

"आणि लाकूड?"

"मासळीच्या पेट्या आहेत, जुन्या फळ्या आहेत. मी होडी बांधणाऱ्याची मुलगी आहे, सी रिदा. आमच्याकडे आधी सांगाडा उभा करतात आणि मग बोलतात."

सी रिदा वाईट माणूस नव्हता. चौदा बंदरं एकट्याच्या गळ्यात पडली होती, त्यातली चार त्यानं डोळ्यांनी पाहिलीही नव्हती, आणि ते त्याला टोचत असावं. तो म्हणाला, "पुढच्या गुरुवारी येतो."

पौर्णिमेच्या आसपासचे सहा-सात दिवस दिव्याच्या होड्या निघत नाहीत. चांदण्यात मासळी दिव्याला भुलत नाही. त्यामुळे खलाशी रिकामे होते, आणि रिकामा खलाशी हातोडी दिसली की स्वस्थ बसत नाही. पहिल्या दिवशी पाच जण आले, दुसऱ्या दिवशी अकरा. रईस खमाइस चहाचा पेला घेऊन नुसता गंमत बघायला आला होता. लमजद खिळा ठोकत होता.

"अरे, हातोडी आहे की चमचा?" रईस ओरडला. "दे इकडे." एकदा हातात घेतलेली हातोडी त्यानं आठवडाभर खाली ठेवली नाही.

सी रिदाचा नकाशा उभारताना लमजदनं दार मुद्दाम जरा तिरकं बसवलं. नजीबानं ते पाहिलं आणि काढायला लावलं.

"अहो, आपल्याच बाजूचं आहे ना ते?" तो कुरकुरला.

"असं नाही जिंकायचं मला. कागदावर आहे तस्संच बांध. काटकोनात."

तिसऱ्या दिवशी मबरूका आली. धक्क्यावर तारली निवडणाऱ्या अठरा बायकांची ती म्होरकी, साठीची, हातात कायम सुरी. तिनं दोन्ही सांगाड्यांना चक्कर मारली.

"हे कुणासाठी?"

"खलाशांसाठी," नजीबा म्हणाली.

"आणि आम्ही? आम्ही काय वाऱ्यावर राहतो?" मबरूकानं सुरी पदराला पुसली. "जुलै महिन्यात सकाळपासून दुपारपर्यंत आम्ही घोटभर पाणी पीत नाही, ठाऊक आहे? प्यायलं की जावं लागतं. आणि जायला जागा नाही. मागच्या साली दोघी चक्कर येऊन पडल्या."

नजीबाच्या हातातली पेन्सिल थांबली. "तीन आठवडे मी इथं बसले," ती हळू म्हणाली, "पुरुष कुठे जातात ते सगळं लिहिलं. तुम्ही मला दिसला नाहीत."

"आम्ही जातच नाही कुठे, तर दिसणार कशा?"

रईस खमाइस वर शिडीवर होता. "खलाशांच्या जागेत बायका घालायच्या?" तो म्हणाला. "मग सगळंच कोंबा त्यात."

"तुझी तारली कोण निवडतं रे?" मबरूकानं मान वर केली. "तुझी आई?"

"माझी आईच निवडायची. याच धक्क्यावर."

"मग तिला विचार जाऊन, ती पाणी कधी प्यायची."

रईसची आई तेव्हा हयात होती, नव्वदीला टेकलेली. त्यानं तिला विचारलं की नाही, मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो होडीच्या दुरुस्तीसाठी राखून ठेवलेल्या दोन चांगल्या फळ्या घेऊन आला आणि नजीबापुढे टाकून म्हणाला, "बायकांच्या बाजूची भिंत उंच घ्या. आणि दार दुसरीकडे तोंड करून." मग मागं वळूनही न बघता शिडीवर चढला.

नजीबाचं सगळंच बरोबर आलं असं मात्र नाही. पिण्याच्या पाण्याचा नळ तिनं पूर्वेच्या कोपऱ्यावर काढला होता, होड्यांना जवळ म्हणून. बुधवारी पूर्वेचा वारा सुटला आणि नळाची धार पेल्यात पडेना, थेट पिणाऱ्याच्या विजारीवर.

"खालती, पाणी प्यायचं की इथंच अंघोळ उरकायची?" लमजद ओरडला. आमच्याकडे मावशीला खालती म्हणतात. त्या दिवसापर्यंत ती सगळ्यांची मादाम होती.

"चूक माझी," नजीबा म्हणाली. "वारा विसरले. उद्या हलवते."

"उद्या कशाला?" असं म्हणत तिघांनी मिळून पाइप उचकटला आणि तासाभरात नळ आडोशाच्या बाजूला नेला.

गुरुवारी सी रिदा आला तेव्हा तोच वारा आणखी चढला होता. नजीबानं त्याच्यापुढे गमबूट आणि मेणकापडाचा डगला ठेवला, मला बर्फाची एक लादी फोडायला सांगितली आणि त्याच्या हातात बर्फाची पेटी दिली.

"हे सगळं घालायचं?" त्यानं विचारलं.

"घालायचं. आणि आधी तुमच्याच न्हाणीघरात जायचं."

दार समुद्राच्या बाजूला उघडणारं. पेटी एका हाती तोलत त्यानं कडी काढली आणि वाऱ्यानं दार हिसकावून घेतलं. ते भिंतीवर आपटून परत आलं ते थेट त्याच्या पाठीत. त्यात बूट उंबरठ्याला अडकला. पेटी सुटली, बर्फ सगळीकडे घसरला. कुणीही हसलं नाही, आणि हे मी खास सांगतो, कारण आमचे खलाशी अशा वेळी सोडत नाहीत. रईसनं स्वतः वाकून पेटी उचलली.

"आता दोन मिनिटं हा बर्फ मुठीत धरा," नजीबा म्हणाली. "जानेवारीत यांचे हात असे असतात. मग तो नळ फिरवा."

सी रिदानं धरला. बोटं लालभडक झाली. मग त्यानं आपल्या नकाशातली ती गोल, चकचकीत तोटी पकडली. पकडली म्हणजे नुसती तिच्यावर बोटं ठेवली. ती फिरेना. त्यानं पुन्हा एकदा फिरवून बघितलं आणि नजीबाच्या सांगाड्याकडे वळला.

तिथं दार सरकतं होतं, खांद्यानं ढकललं की बाजूला जाणारं. पाय अडकायला काही नव्हतं. नळ कोपरानं चालला. डगला खुंटीला गेला, बूट मोरीपाशी राहिले, आणि सी रिदा कोरड्या खोलीतून सपाता घालून दुसऱ्या दारानं बाहेर आला. समोर रस्ता, बसथांबा, फ्रिकासे म्हणजे तळलेले भरले पाव विकणारी हातगाडी.

"हे दुसरं दार कुणी सुचवलं?"

"माझ्या नवऱ्यानं," नजीबा म्हणाली. "त्याला माहीत नाही."

नंतर मासळीच्या पेट्यांवर बसून दोघांचं बोलणं झालं, आम्ही सगळे भोवती. बायकांची बाजू मंजूर खर्चात बसत नव्हती. नजीबानं सी रिदाच्या नकाशातल्या दर्शनी कमानीवर बोट ठेवलं. उंच कमान, निळ्या फरश्या, वर खात्याचं नाव.

"ही काढली की बसते."

"मादाम, कमान फोटोत येते हो."

"आम्हीही फोटोत बऱ्या येतो," मबरूका मागून म्हणाली.

सी रिदाला हसू आवरेना. त्यानं खिशातली पेन्सिल काढली आणि कमानीवर आपल्या हातानं फुली मारली. पुढचे तीन महिने वरच्या मंजुरीसाठी कागद घेऊन त्यानंच खेटे घातले. हे त्याचं श्रेय त्याला दिलंच पाहिजे.

वसंतात इमारत उभी राहिली. भाषणं झाली, फीत कापली, ते सगळं जाऊ दे. दुसऱ्या सकाळी होड्या आल्या तेव्हा नजीबा माझ्या दारात उभी होती. लमजद समुद्राकडून आत गेला. पाऊण तासानं गावाकडून बाहेर आला. पांढरा शर्ट, ओले केस मागे फिरवलेले, गालाला साबणाची चकाकी. बस आली. कंडक्टर तोच. त्यानं लमजदकडे पाहिलं, तिकीट फाडलं आणि विचारलं, "कुठून आलास?"

"दर्यावरून."

"वाटत नाहीस."

लमजद आत गेला आणि सगळ्यांत पुढच्या सीटवर, खिडकीशी बसला. बस वळेपर्यंत तो आमच्याकडे बघून हात हलवत होता. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू. नजीबा वहीत काहीतरी लिहीत होती. मला वाटलं, आजचा दिवस नोंदवून ठेवत असेल. डोकावलो तर लिहिलं होतं, 'गावाकडच्या दाराशी पायपुसणं हवं.'

हसूना मात्र तीन महिने यायला तयार नव्हता. मी आता खलाशी नाही, मला काय करायचंय, म्हणायचा. मग एका शुक्रवारी आपणच आला. समुद्राकडच्या दारानं आत गेला. बाहेर आला तो नजीबाला म्हणाला, "खुंट्या चार बोटं खाली झाल्यात."

"मोजून लावल्यात."

"कोरडा डगला मोजलास. ओला झाला की लांबतो. खालचं टोक जमिनीला टेकतंय."

तिनं आत जाऊन पाहिलं. खरंच टेकत होतं. आठवड्याभरात सगळ्या खुंट्या वर गेल्या. त्या शुक्रवारी ती दोघं बसनं घरी गेली, आणि उतरेपर्यंत हसूना तिला तिच्या बाकीच्या चुका सांगत होता, असं तिनंच मला सांगितलं.

पहिल्या हिवाळ्यात पंप बिघडला आणि अकरा दिवस पाणी नव्हतं. खलाशी चिडले, मबरूकानं तर कचेरीत जाऊन टेबलावर हात आपटला. मला वाटलं, नजीबा खट्टू होईल. ती खूश झाली. "पूर्वी यांना काहीच नव्हतं तेव्हा कुणी आलं होतं का भांडायला?" ती म्हणाली आणि पंपवाल्याला फोन लावायला गेली.

पुढच्या सहा वर्षांत सी रिदानं तिला आणखी नऊ बंदरांवर पाठवलं. एकही नकाशा दुसऱ्यासारखा झाला नाही. एका ठिकाणी खलाशांनी आरसा मागितला, खाऱ्या हवेत टिकत नाही म्हणून तिनं नाही म्हटलं, तर त्यांनी कुठूनसा मोटारीचा आरसा आणून भिंतीत बसवला. तो अजून टिकून आहे. तिनं पुढच्या सगळ्या बंदरांवर मोटारीचेच आरसे लावले.

आता ती निवृत्त आहे, बासष्टची. पण कोळी लोक आपणहून बोलावतात आणि ती जाते. गेल्या हिवाळ्यात ती कर्केना बेटांवर निघाली तेव्हा मीही सोबत गेलो. तिथला समुद्र उथळ, पाणी ओसरलं की होड्या वाळूत टेकतात आणि पुन्हा भरेपर्यंत माणसं किनाऱ्यावर तासन् तास थांबून राहतात. त्यांना समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यापासून आडोसा हवा होता. ऑक्टोपस धरायची मातीची मडकी तिथं ढिगानं पडलेली होती, आणि आठ जण त्या ढिगाशेजारी बसून चहा पीत होते. त्यांच्यातला म्हातारा, अम सासी, म्हणजे सासीकाका, तिचा कागद बघून म्हणाला, "भिंत नको."

"भिंत नको तर वारा कसा अडणार?"

"भिंत घातली की पाणी दिसत नाही. पाणी कधी चढतं ते बघत बसतो आम्ही. न बघता कसं बसणार?"

"मग कमरेएवढी घेऊ."

"कुणाच्या कमरेएवढी? उभ्याच्या की बसलेल्याच्या?"

नजीबानं त्याच्याकडे पाहिलं, कागदाची सुरळी केली आणि माझ्या हातात दिली. "बसा सगळे," ती म्हणाली. "जसे रोज बसता तसे. समुद्राकडे तोंड करून."

आठही जण वाळूत ओळीनं बसले, पेले हातात. तिनं ढिगातलं एक मडकं उचललं आणि त्यांच्या पुढे ठेवलं. शेजारी दुसरं, तिसरं, अशी पूर्ण रांग लावली. मग त्यांच्यावर दुसरा थर. मीही हातभार लावला. तिसऱ्या थराला वारा खरंच कमी झाला, चहाची वाफ सरळ वर जायला लागली. चौथ्या थराचं पहिलं मडकं तिनं ठेवलं तसा अम सासीनं मान उंच केली, मग आणखी उंच केली.

"बस बस," तो म्हणाला. "ते काढ. एवढीच."